हेडफोन काढल्यानंतर: प्रौढ नवशिक्यांच्या एका पियानोवर्गाचं प्रकरण

चौथ्या तासाला आठपैकी पाचच जण आले. न आलेल्या तिघांनी कसलीही तक्रार केली नव्हती. उलट आदल्या आठवड्यात निघताना ‘छान झाला तास’ असंच म्हणून गेले होते. हे प्रकरण त्या गळतीचं आहे, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत वर्गाची मांडणी बदलल्यावर काय घडलं याचं. शिकवणारी मी होते. त्यामुळे यातल्या चुकाही माझ्याच आहेत आणि त्या जशा घडल्या तशाच लिहिते आहे.

वर्ग दहा आठवड्यांचा होता. आठवड्यातून एकदा, सव्वा तास. पूर्ण ८८ पट्ट्यांचे आठ डिजिटल पियानो दोन रांगांत, सगळे माझ्याकडे तोंड करून मांडलेले. प्रत्येकाला हेडफोन, आणि माझ्या टेबलावर एक नियंत्रक. त्यावरचं बटण दाबलं की हव्या त्या एकाचं वाजवणं मला ऐकू येतं आणि माझं बोलणं फक्त त्यालाच ऐकू जातं. परीक्षा नाही, रंगमंच नाही, प्रमाणपत्र नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आनंदासाठी शिकायचं, एवढाच करार. पियानो आधी कुणीच शिकलेलं नव्हतं. सगळ्यात लहान विद्यार्थिनी पंचविशीतली, सगळ्यात मोठे गृहस्थ सत्तरीला टेकलेले. इथे मी त्यांना त्यांच्या पियानोच्या क्रमांकानेच ओळखणार आहे.

पहिला तास फक्त काळ्या पट्ट्यांवर घेतला. पाच काळ्या पट्ट्यांत एकमेकींशी खटकणारी जोडीच नाही, त्यामुळे काहीही वाजवलं तरी कानाला बरं वाटतं. मी खालच्या सप्तकात जी फ्लॅट आणि डी फ्लॅट आलटून पालटून वाजवत राहिले आणि त्यांना सांगितलं, ‘वरच्या काळ्या पट्ट्यांवर वाटेल तसं फिरा. घाई नको, एका वेळी एकच बोट चालेल.’ वीस मिनिटं सगळे फिरत होते. दोन आणि तीन क्रमांकावरच्या नवरा-बायकोने तर आपसांत सवाल-जवाब सुरू केले. हेडफोन अजून पिशवीतच होते.

दुसऱ्या तासाला मी नेहमीच्या वाटेला लागले. पांढऱ्या पट्ट्या, उजव्या हाताचा अंगठा मध्य सीवर (पियानोच्या साधारण मधोमध येणाऱ्या सी या पट्टीवर), पाच बोटांखाली पाच स्वर, कागदावर पाच रेषा. प्रत्येकाने आपापल्या गतीने वाचावं म्हणून हेडफोन चढवले. खोलीत एकदम शांतता पसरली. पट्ट्यांची खालीवर होणारी टकटक तेवढी ऐकू यायची. मला ती शांतता आवडली होती. वर्ग कामाला लागल्यासारखा वाटला. नियंत्रकावरून मी एकेकाकडे जात होते, ‘मनगट जरा वर घ्या’, ‘चौथं बोट वापरा’ (अंगठ्यापासून मोजून चौथं, म्हणजे अनामिका) असं कानात सांगत होते.

तिसऱ्या तासाला बेथोवनच्या नवव्या सिंफनीतली आनंदाची धून घेतली. ही सिंफनी पहिल्यांदा १८२४ मध्ये वाजली. नवशिक्यांच्या वर्गात ही धून घेण्यामागे सरळ कारण आहे. मूळ डी मेजरमधली, म्हणजे डी हा आधारस्वर धरून रचलेली, धून सी मेजरवर आणली की ती जवळजवळ सगळी पाच शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांत बसते, हात हलवावा लागत नाही. जवळजवळ म्हणते, कारण तिसऱ्या ओळीच्या शेवटी एकच स्वर या घराबाहेर, खालच्या जीवर उतरतो. शिवाय चौथी ओळ एक मात्रा आधीच सुरू होते. बऱ्याच सोप्या आवृत्त्यांत या दोन्ही गोष्टी गाळलेल्या असतात. मी गाळत नाही. माणसांच्या कानात ती धून मुळातली असते, आणि कानाला माहीत असलेलं कागदावर सापडलं नाही की नवशिका स्वतःवरच शंका घेतो.

तासाच्या शेवटी मी म्हटलं, ‘चला, एकेकाने एकेक ओळ वाजवून दाखवा.’ आणि एक नंबरपासून सुरुवात केली.

एक नंबरची मुलगी रोज तासभर सराव करून येत असे. तिने ओळ सहज वाजवली. दोन आणि तीन थोडे अडखळले, पण निभावलं. चार नंबरचे काका मोठ्याने मोजत राहिले आणि बोटं मागेच पडली. पाच नंबरच्या बाई नीट वाजवून मोकळ्या झाल्या. सहा नंबरच्या परिचारिकेने दोनदा सुरुवात केली. सात नंबरच्या गृहस्थांचा हात पट्ट्यांवर ठेवल्या ठेवल्या गोठला, ते हसले आणि म्हणाले, ‘पुढे जाऊ या.’ आठ नंबरच्या बाईंनी तीन स्वर वाजवले, थांबल्या, ‘सॉरी’ म्हणाल्या. पुन्हा तीन स्वर, पुन्हा ‘सॉरी’. लहानपणी कुणीतरी त्यांना ‘तुझ्या हातात संगीत नाही’ असं सांगितलं होतं, हे त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘काही हरकत नाही, घरी करून या.’ या वाक्याने त्यांना धीर येईल असं मला खरंच वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात सहा, सात आणि आठ नंबरचे पियानो रिकामे होते.

त्या संध्याकाळी मी तिघांना फोन केला. सहा नंबरची पाळी बदलली होती, कारण खरं होतं. आठ नंबरच्या बाई फार अदबीने बोलल्या, सध्या घरी गडबड आहे, बघते म्हणाल्या. सात नंबरचे गृहस्थही आधी कामाचंच सांगत होते. मग थोडं थांबून म्हणाले, ‘मॅडम, खरं सांगू? माझ्या एकट्यामुळे सगळ्यांचा वेळ जातो. बाकीच्यांना जमतंय.’

हे वाक्य मी त्याच दिवशी आधीही ऐकलं होतं. वर्ग संपल्यावर चार नंबरचे काका मागे रेंगाळले होते आणि जवळपास याच शब्दांत बोलले होते: ‘बाकी सगळे पुढे गेलेत, मीच तेवढा अडकलोय.’

दोन माणसं, एकमेकांशी न बोलता, एकच चुकीचं वाक्य बोलत होती. चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, कारण नियंत्रकावरून मी आठही जणांना ऐकत होते. आठही जण एकाच ठिकाणी अडत होते: उजव्या हाताच्या अनामिकेखालच्या एफवर. कुणाचा एफ उशिरा यायचा, कुणाचा दबका, कुणाच्या करंगळीचा धक्का सोबत लागायचा. एक नंबरचंही तेच होत होतं, फक्त ती थांबत नव्हती.

पण हे मला ठाऊक होतं, त्यांना कसं असणार? हेडफोनच्या आत प्रत्येकाला दोन आठवडे फक्त स्वतःच्या चुका ऐकू आल्या होत्या. दुसऱ्याची एकही चूक कानावर पडली नव्हती. आणि शेवटी जेव्हा दुसऱ्याचं वाजवणं ऐकायला मिळालं, तेव्हा मी वर्गातल्या सगळ्यात तयार मुलीपासून सुरुवात केली. त्यांच्यासमोर जो पुरावा होता त्यावरून ‘फक्त माझंच चुकतंय’ याखेरीज दुसरा निष्कर्ष निघूच शकत नव्हता. ती शांतता, जी मला एवढी आवडली होती, आठ माणसांना एकेकटं पाडत होती.

मोठ्या वयाच्या नवशिक्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. लहान मूल चुकतं आणि पुढे जातं. प्रौढ माणूस चुकला की थांबतो, मागे जातो, दुरुस्त करतो, माफी मागतो. त्याचा कान तयार असतो, आयुष्यभर संगीत ऐकलेलं असतं, काय वाजायला हवं ते त्याला नेमकं कळतं. कागदावरचं समजायलाही त्याला वेळ लागत नाही. हात मात्र पहिल्या दिवसाचाच असतो. कान आणि हात यांच्यातलं हे अंतर त्याला दर सेकंदाला ऐकू येतं. मुलाला हे अंतर तितकं जाणवत नाही, म्हणून मुलांचा वर्ग हेडफोनवर चालून जातो आणि मोठ्यांचा आतून पोखरतो. निदान माझ्या वर्गात असं झालं.

पाचव्या आठवड्याआधी मी दोन गोष्टी केल्या. सात नंबरच्या गृहस्थांना पुन्हा फोन करून सांगितलं की एकट्याने वाजवून दाखवणं मी बंद करते आहे, या दहा आठवड्यांपुरतं तरी कायमचं. आठ नंबरच्या बाईंना तोच निरोप पाठवला. दुसरं म्हणजे पियानो हलवले. रांगा मोडून घोड्याच्या नालेच्या आकारात लावले. सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला लागले.

सात नंबरचे गृहस्थ आले. सहा नंबरची परिचारिकाही आली. आठ नंबरच्या बाई आल्या नाहीत, आणि पुढेही कधी आल्या नाहीत.

त्या तासाला हेडफोन खोलीबाहेर ठेवले. सगळ्यांचे स्पीकर चालू, आवाज एक तृतीयांश. धूनेची पहिली ओळ, मिनिटाला ६० ठोके, सगळे एकत्र. पहिल्याच एफवर सात ठिकाणांहून सात तऱ्हेचे अडखळे एकदम ऐकू आले. क्षणभर कुणालाच काही सुचलं नाही आणि मग खोली हसण्याने भरून गेली. मी ठोके बंद केले आणि म्हटलं, ‘हात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट आत दुमडा. आता अनामिका एकटी उचला.’ उचलली जात नाही. बोटं उचलणारे स्नायुबंध हाताच्या मागच्या बाजूला एकमेकांना आडव्या बंधांनी जोडलेले असतात, त्यामुळे शेजारचं बोट खाली रोखलं की अनामिकेला स्वतःच्या बळावर फारसं वर येता येत नाही. ही हाताचीच घडण आहे. चार नंबरचे काका दोन्ही हातांनी ते करून पाहत होते. म्हणाले, ‘म्हणजे हे माझ्या वयाचं नाही तर.’

हे मी दुसऱ्याच तासाला दाखवू शकले असते. तेव्हा मी त्यांच्या कानात, एकेकाला, ‘चौथं बोट वापरा’ म्हणत बसले होते.

मग आम्ही एक नवा नियम केला. चुकलं तर दुरुस्त करायचं नाही. हरवलात की हात मांडीवर घ्या, मनात मोजत राहा आणि पुढच्या ‘एक’ला परत या. ऐकायला सोपं आहे, पण मोठ्या माणसाला हे शिकवावं लागतं, नुसतं सांगून होत नाही. म्हणून हरवण्याचाच सराव घेतला. सगळे वाजवत असताना मी एखादा आकडा पुकारायची, ‘पाच!’ पाच नंबरने जिथे असेल तिथे हात उचलायचा, आणि पुढच्या मापाच्या (चार मात्रांच्या गटाच्या) पहिल्या मात्रेला पुन्हा आत यायचं. कधी एकदम दोन आकडे, कधी सगळेच, आणि मग चार मात्रांची शांतता मोजून सगळ्यांनी एकत्र परतायचं. दहा मिनिटांत थांबणं आणि परत येणं या दोन्ही गोष्टी वाजवण्याचाच भाग होऊन गेल्या. चौथी ओळ एक मात्रा आधी सुरू होते तिथे अर्धा वर्ग घसरत होता, पण पुढच्या ‘एक’ला सगळे हजर. त्या दिवशी ‘सॉरी’ हा शब्द कानावर पडला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

मात्र एकच धून सगळ्यांनी एकत्र वाजवणं हे उत्तर पुरेसं नव्हतं. एक नंबरला कंटाळा येऊ लागला होता, चार नंबरला ती तरीही जड होती. सात जणांच्या सात पातळ्या, आणि तरी एकच संगीत, असं काहीतरी हवं होतं. सहाव्या आठवड्यात जुने जर्मन संगीतकार पाखेलबेल यांचा कॅनन आणला.

या रचनेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण मिश्र पातळीच्या वर्गाला ती इतकी नेमकी बसते की मी ती आधी का घेतली नव्हती याचं आता नवल वाटतं. मूळ रचना डी मेजरमध्ये, तीन व्हायोलिन आणि खालच्या बाजूला साथीचा खर्ज अशी. खर्जाचे आठच स्वर, आणि तेच आठ पहिल्यापासून शेवटपर्यंत २८ वेळा फिरतात. वरची तिन्ही व्हायोलिनं एकच सुरावट वाजवतात, फक्त प्रत्येक जण आधीच्यापेक्षा दोन मापं उशिरा आत येतो. सी मेजरवर उतरवली की खर्ज होतो सी, जी, ए, ई, एफ, सी, एफ, जी. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. त्यावर ई, डी, सी, बी, ए, जी, ए, बी असा उतरता पदर चढवला की एकही स्वर खटकत नाही. त्याच्या खाली सी, बी, ए, जी, एफ, ई, एफ, डी असा तिसरा. प्रत्येक स्वराला चार मात्रा द्यायच्या, म्हणजे बोट शोधायला आणि श्वास घ्यायलाही वेळ मिळतो. चौथा पदर त्याच कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे) स्वर सुटे करून वाजवण्याचा: सी, ई, जी, ई, मग जी, बी, डी, बी, असं पुढे. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं, आणि एक फेरी झाली की पदर बदलायची मुभा. कुठला पदर सोपा आणि कुठला अवघड, असं मी मोठ्याने एकदाही म्हटलं नाही.

चार नंबरच्या काकांनी खर्ज घेतला आणि चार आठवडे तोच वाजवला. आयुष्यभर हिशेबाचं काम केलेला माणूस, मोजणं हाडात भिनलेलं. पण मोजता मोजता त्यांची लय पळायची, आणि खर्ज पळाला की अख्खी खोली पळायची. मेट्रोनोमच्या, म्हणजे लय धरून देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्याने काही सुधारलं नाही, ते ठोक्याच्याही पुढे जायचे. शेवटी लक्षात आलं की ते मोजताना श्वास धरून ठेवतात. ‘तीन-चार’ला श्वास सोडायचा, एवढंच सांगितलं. दोन आठवडे लागले, पण लय ठरली. त्या काळात बाकीच्यांनीही काही शिकून घेतलं: वरच्या पदरात कितीही गडबड झाली तरी खाली कान लावला की आपण कुठे आहोत ते कळतं.

पाच नंबरच्या बाई पूर्वी पेटी वाजवत. त्यांच्याबाबत माझा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला. त्यांचा उजवा हात तयार होता म्हणून मी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पण पेटीवर त्यांच्या डाव्या हाताने वर्षानुवर्षं फक्त भाता हलवला होता. त्या हाताला बोटं आहेत हेच जणू नव्याने शिकायचं होतं. शिवाय पेटीचा सूर हवा मिळेतो टिकतो आणि पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. त्या पट्टी दाबून सूर भरण्याची वाट बघत बसायच्या. पेटीवर आवाज भात्याने लहानमोठा होतो, पियानोवर पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर. हा फरक सांगितल्यावर त्यांचं वाजवणं एका तासात बदललं. दुसऱ्या बाजूने त्यांच्याकडे असं काही होतं जे वर्गात आणखी कुणाकडेच नव्हतं. मी मध्य सी म्हटलं की त्या मनात ‘पांढरी एक’ म्हणायच्या, आणि षड्ज हवा तिथे धरायची सवय असल्याने कुठलीही धून कुठूनही सुरू करू शकायच्या. सातव्या आठवड्यात त्यांनी आनंदाची धून विनासायास काळी एकवरून वाजवली. बाकीचे बघत राहिले. हे कौशल्य मला पहिल्या आठवड्यातच विचारून घेता आलं असतं. प्रौढ नवशिका रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळ आधीचं काय आहे हे विचारायला दोन मिनिटं पुरतात, आणि मी ती दिली नव्हती.

सात नंबरच्या गृहस्थांच्या घरी मुलीसाठी घेतलेला पियानो होता. मुलगी शिकायची सोडून परगावी गेली आणि पियानो तसाच राहिला. ते रात्री जेवणानंतर हेडफोन लावून वाजवत. घरी जमायचं ते वर्गात जमत नव्हतं, कुणी त्यांच्याकडे पाहिलं की हात थांबायचा. कॅननमध्ये त्यांनी मधला पदर निवडला, जो सगळ्यात कमी ऐकू येतो. मी त्यांच्या पियानोजवळ उभं राहणं सोडून दिलं. नवव्या आठवड्यात ते आपणहून वरच्या पदरावर गेले, अर्ध्या फेरीत परत खाली आले, पुढच्या फेरीत पुन्हा गेले. मी काही बोलले नाही.

हेडफोनची बाजूही मांडायला हवी. घरच्या सरावाला, विशेषतः मोठ्या माणसांना, त्यांच्याइतकी सोय दुसरी नाही. वर्गातही नवा पदर पहिल्यांदा हाताखाली घालताना पाच मिनिटं हेडफोन लावायला मी सातव्या आठवड्यापासून परत सुरुवात केली. पाच मिनिटं, आणि मग काढून सगळे एकत्र.

सहा नंबरची परिचारिका पाळ्यांमुळे दहापैकी सहाच तासांना येऊ शकली. तिच्यामुळे एक बदल झाला जो मी आता प्रत्येक वर्गात ठेवते: पहिली पंधरा मिनिटं कायम तीच. तोच खर्ज, तीच लय, त्याच चार पदरांतून फिरणं. आधीचा तास चुकलेला माणूसही आल्या आल्या वाजवू लागतो, कुणाला विचारावं लागत नाही. खर्ज आणि ठोका यांचं संथ ध्वनिमुद्रण सगळ्यांना दिलं. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटं त्याच्यासोबत वाजवा, एवढंच सांगितलं. हाताची सवय दोन बैठकांच्या मधल्या झोपेतही पक्की होत असते, म्हणून सात छोट्या बैठका एका मोठ्या बैठकीपेक्षा जास्त देऊन जातात.

एक नंबरच्या मुलीचं काय करायचं हा प्रश्न मात्र कॅननने अर्धाच सुटला. तिला मी खर्जावर स्वतःची सुरावट रचायला दिली. दोन आठवडे ती रमली. मग तिने स्पष्ट सांगितलं की तिला स्वतंत्र शिकायचं आहे, वाचन पक्कं करायचं आहे. दहा आठवडे संपल्यावर ती वैयक्तिक शिकवणीकडे गेली. मी याला गळती म्हणत नाही. सामूहिक वर्गातून एखाद्याला कळावं की आपल्याला याहून जास्त हवंय, यासारखी चांगली गोष्ट क्वचित घडते.

याच सुमारास पियानो शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी वर्ग पाहिला आणि आक्षेप घेतला: बोटं चुकीची पडताहेत, तू बघतेस आणि गप्प बसतेस, अशाने हात बिघडतात. आक्षेप गंभीर आहे. सामूहिक पियानोवर्गावर तो नवाही नाही. योहान बर्नहार्ड लोजिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये एका वेळी अनेक पियानोंवर अनेक विद्यार्थ्यांना शिकवायला घेतलं, तेव्हा हात जागेवर ठेवण्यासाठी त्यांनी एक चौकटच बनवली आणि १८१४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. एवढे हात एका शिक्षकाच्या नजरेत राहणार नाहीत ही काळजी तेव्हाही होती.

माझं उत्तर असं होतं. दुखेल अशी प्रत्येक गोष्ट मी ताबडतोब दुरुस्त करते. आसनाची उंची, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात साधारण आडवा राहील अशी. कानाकडे चढलेले खांदे. पट्ट्यांच्या खाली लोंबणारं मनगट. हवेत ताठ उभी राहिलेली करंगळी. यात सवलत नाही. दोन नंबरच्या गृहस्थांचा पंजा मोठा आणि ताठ होता, त्यांना पांढऱ्या पाच पट्ट्यांवर बोटं कोंबावी लागत. त्यांना मी पियानोवादक-संगीतकार शोपॅं यांची जागा दिली: ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी. तिन्ही लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. शोपॅं आपल्या विद्यार्थ्यांचा हात आधी याच स्वरांवर ठेवत. दोन मिनिटांत पंजा सैल पडला. पण तिसऱ्याऐवजी दुसरं बोट पडलं आणि ओळ पुढे सरकत असेल, तर मी सोडून देते. बोटक्रमामुळे लय तुटायला लागली की मगच बोलते, कारण तेव्हा त्या माणसालाही ते स्वतः जाणवलेलं असतं. स्नेह्यांना हे पूर्ण पटलं नाही. परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याबाबत मलाही पटलं नसतं.

दहाव्या तासाला कुणीतरी सुचवलं, आज मुळाप्रमाणे २८ फेऱ्या करून बघू. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत एक फेरी ३२ सेकंदांची, म्हणजे सगळ्या मिळून पंधरा मिनिटांचं वाजवणं. तीन नंबरच्या बाईंनी मोजायची जबाबदारी घेतली आणि उजव्या हाताने वाजवता वाजवता डाव्या हाताने कागदावर रेघा ओढल्या. पंधरा मिनिटांत माणसं हरवली, परतली, पदर बदलले. दोन वेळा खर्ज सोडून सगळं थांबलं आणि पुन्हा वर चढलं. शेवटी तीन नंबर म्हणाल्या सत्तावीस झाल्या, चार नंबर म्हणाले एकोणतीस. तो वाद मिटला नाही.

आठपैकी पाच जणांनी पुढच्या दहा आठवड्यांसाठी नाव दिलं. एक वैयक्तिक शिकवणीला गेली, सहा नंबरला पाळ्यांमुळे जमणार नव्हतं. आठ नंबरच्या बाईंना मी अखेरीस एक पत्र लिहिलं. तिसऱ्या तासाला जे झालं ती माझी चूक होती, त्यांच्या हाताची नव्हे, एवढं त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं नाही. ते पत्र सहा आठवडे आधी लिहायला हवं होतं. आता पहिल्याच गैरहजेरीच्या दिवशी फोन करते, तोही कारण विचारायला नव्हे, तर वर्गात काय झालं ते सांगायला.

या बदलाची किंमतही पडली. माझ्या आधीच्या तुकड्यांना दहा आठवड्यांच्या शेवटी जेवढं वाचता यायचं, तेवढं या तुकडीला येत नव्हतं. कानाने, लयीने आणि एकमेकांना ऐकून त्या तुकड्यांच्या कितीतरी पुढे, पण कागद समोर ठेवला की अजून बोट ठेवून मोजणारे. पुढच्या टप्प्यात पहिल्या पंधरा मिनिटांनंतरची दहा मिनिटं मी वाचनाला राखून ठेवली आहेत, आणि सुरुवात तीनच खुणांपासून केली आहे: पाच-पाच रेषांच्या दोन्ही संचांच्या मध्ये लोंबणारा मध्य सी, जी क्लेफची (वरच्या संचाच्या सुरुवातीच्या खुणेची) गाठ ज्या दुसऱ्या रेषेभोवती पडते तो जी, आणि एफ क्लेफचे (खालच्या संचाच्या सुरुवातीच्या खुणेचे) दोन ठिपके ज्या चौथ्या रेषेला मध्ये धरतात तो एफ. बाकीचे स्वर या तिघांपासून मोजायचे. हे वाचनही सगळे मिळून, मोठ्याने, ठोक्यावर करतात. चार नंबरचे काका यात सगळ्यांच्या पुढे आहेत.